बारावा खांब, डाव्या हाताला

नाशिक गाव आणि नाशिकरोड स्टेशन यांच्यात पाच-सहा मैलांचं अंतर का पडलं, हे दहा नाशिककरांना विचारलं तर दहा गोष्टी ऐकायला मिळतात. कोणी म्हणतं, धुरानं तीर्थ बाटेल म्हणून गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, मंडळींनी रूळ गावात येऊ दिले नाहीत. कोणी म्हणतं, इंजिनियर साहेबाला सरळ रेघ हवी होती आणि आपलं गाव त्याच्या रेघेत बसलं नाही. मी इतिहासाचा मास्तर. सगळ्या गोष्टी ऐकून घ्यायच्या आणि एकीवरही पटकन विश्वास ठेवायचा नाही, हा माझा धंदाच आहे. ते अंतर पुढे ट्रामनं भरून काढलं. आधी घोडी ओढायची, मग यंत्र आलं. आता मोटारी झाल्या आणि ट्राम बंद पडली. रस्त्यात कुठे कुठे तिचे रूळ अजून दिसतात, आणि बैलगाडीचं चाक त्यात अडकलं की गाडीवान मेलेल्या ट्रामचा उद्धार करतो.

माझे वडील रेल्वेत स्टेशनमास्तर होते. मनमाड, नांदगाव, निफाड अशा ठिकाणी आमचं बालपण गाड्यांच्या वेळापत्रकावर गेलं. दहाची पॅसेंजर गेली की आंघोळ, मालगाडी आली की अभ्यास. ते जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून मनात होतं की या बाजूची जुनी स्टेशनं एकदा उतरून पाहावीत, जुन्या लोकांना बोलतं करावं आणि जे कळेल ते वहीत उतरवून ठेवावं. नाताळच्या सुटीत तीन दिवस काढले. इगतपुरीपर्यंत जायचं आणि येताना एकेक स्टेशन करत परतायचं, असा बेत आईला सांगितला.

"मीही येते," आई म्हणाली.

आई साठीची. गंगेच्या पलीकडे गेल्याला तिला किती वर्षं झाली असतील, देव जाणे. थंडी आहे, गाडीत गर्दी असते, मी नुसते पडके दगड पाहत हिंडणार, असं मी सगळं सांगून पाहिलं. माझं बोलणं संपायच्या आत तिनं दशम्या करायला पीठ काढलं होतं.

नाशिकरोड

गाडीला अवकाश होता. फलाटावरच्या बाकावर आम्ही बसलो. मी वहीत पहिलं पान लिहीत होतो, आणि आई समोर चाललेल्या शंटिंगकडे पाहत होती.

"परतताना आपण एका ठिकाणी उतरू," ती म्हणाली, आणि स्टेशनाचं नाव सांगितलं. "तिथं तुझी थोरली बहीण आहे."

चौतीस वर्षं मी घरातला थोरला म्हणून मिरवलो होतो. दोन्ही धाकट्या भावांना त्या नावाखाली यथेच्छ राबवलं होतं. पेन्सिल हातातच राहिली.

मग तिनं सांगितलं, तेही शेजारणीला भाजीचे भाव सांगावेत इतक्या साध्या आवाजात. माझ्या आधीची ती. माहेरी प्लेग होता, म्हणून आईचं बाळंतपण त्या स्टेशनावरच्याच खोलीत झालं. मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली, बारसंसुद्धा व्हायचं होतं. इतक्या लहान जिवाला आपल्यात दहन नसतं, पुरतात. वडील आणि रूळ राखणाऱ्या गँगचा मुकादम दोघं तिला घेऊन गेले. आई बाळंतीण, तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. वडील परत आले ते एवढंच बोलले, "स्टेशनापासून नाशिकच्या बाजूला तारेचा बारावा खांब, डाव्या हाताला पळस आहे, त्याच्याखाली." महिन्याभरात बदली झाली.

"मग नंतर कधी बाबांना म्हणाली नाहीस, दाखवा म्हणून?"

"म्हणाले होते. दोनदा. दोन्ही वेळा ते भरल्या ताटावरून उठले. तिसऱ्यांदा नाही विचारलं."

"आणि आत्ताच?"

"आता माझं काय राहिलंय रे. उद्या वर गेले आणि ती म्हणाली, तू एकदासुद्धा आली नाहीस, तर काय सांगू तिला?" "रूळ वाढवले, भराव टाकले असं ऐकते. जागा तरी राहिली असेल का?"

मी म्हणालो, "राहिली असेल. बारावा खांब म्हणजे काय अवघड? खांब मोजायचे, झालं." रेल्वेतलं मला पुष्कळ कळतं असा माझा तेव्हा समज होता.

त्या स्टेशनाचं नाव मी इथे लिहीत नाही. आईची तशी इच्छा आहे. घोटी आणि लहवित यांच्या मधलं एक छोटं स्टेशन, एवढं वाचकांनी समजून घ्यावं.

इगतपुरी

जाताना गाडी त्या स्टेशनावर मिनिटभर थांबली. मी म्हणालो, इथेच उतरू या का? आई म्हणाली, "पहिल्यांदा तुझं काम, मग माझं." आणि विरुद्ध बाजूच्या खिडकीतून भाताच्या कापलेल्या खाचरांकडे पाहत राहिली. मला वाटलं, आईला माझ्या कामाची केवढी कदर. ती घाबरली होती, हे मला फार उशिरा समजलं.

इगतपुरीला उतरलं की नाशिकची थंडी ही थंडीच नव्हे असं वाटतं. धुकं स्टेशनात शिरून बाकांवर बसलेलं. मुंबईकडून विजेची इंजिनं आता इथपर्यंत येतात. इथं ती सुटतात आणि पुढे नाशिककडे कोळशाचं इंजिन लागतं. विजेचं इंजिन पाहून आईला मुळीच कौतुक वाटलं नाही. "धूर नाही, शिट्टी धड नाही. आलं काय आणि गेलं काय," ती म्हणाली.

वडिलांचे जुने स्नेही अण्णा तारमास्तर इथं पेन्शन घेऊन राहतात. त्यांच्याकडे उतरलो. अण्णांच्या घरी भाताला भात आणि वर भात. आम्ही बाजरीच्या भाकरीची माणसं. कुळथाचं पिठलं फार चवदार होतं, पण तिसऱ्यांदा भाताचा डोंगर पानात पडला तेव्हा आईनं माझ्याकडे आणि मी आईकडे पाहिलं. शेवटी पिशवीतल्या उरलेल्या दशम्या आम्ही दोघांनी मागच्या ओट्यावर चोरून खाल्ल्या आणि अण्णांच्या सुनेनं आम्हाला पकडलं. दुसऱ्या दिवशी तिनं न सांगता नाचणीच्या भाकरी थापल्या.

अण्णांना बोलतं करावं लागत नाही, थांबवावं लागतं. घाटातल्या जुन्या रस्त्याची गोष्ट त्यांनी सांगितली. अर्धा चढ चढून गाडी एका टोकावर येऊन थांबायची. पुढे कडा. मग इंजिन पुढून सुटायचं, मागच्या अंगाला लागायचं, आणि जो डबा शेवटचा तो पहिला व्हायचा. नवखे उतारू घाबरे होऊन विचारायचे, गाडी मुंबईला परत निघाली की काय? पुढे नवा मार्ग काढला आणि ते टोक ओस पडलं. छोट्या स्टेशनांचंही तसंच झालं. जी चढावर किंवा वळणावर बांधली होती, तिथून भरलेली मालगाडी उचलता उचलेना. मग त्यातली काही मैलभर सरकवून सपाटीवर नेली. जुन्या इमारतींत गँगची हत्यारं राहू लागली. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

"तुझा बाप म्हणजे धन्य माणूस," अण्णा म्हणाले. "कंपनीची टाचणी घरी नेली नाही. एकदा मात्र फलाटाच्या कामाला आलेल्या घडीव दगडांतला एक कमी भरला. कोणी विचारलंही नव्हतं. यानं आपण होऊन कळवलं, एक दगड माझ्या हातून गेला, ठपका माझ्यावर ठेवा. ती तार मीच पाठवली. एवढा दगड हातून जातो कसा, ते काही त्यानं मला सांगितलं नाही."

आई पानातलं मीठ बोटानं सारखं करत होती.

घोटी

घोटीचा बाजार म्हणजे भात. पोती, मापं, भुसा, आणि मुरमुऱ्यांच्या भट्ट्यांचा खरपूस वास. कढईतल्या तापल्या वाळूत तांदूळ पडतो आणि बघता बघता चौपट फुलतो. आम्ही गरम मुरमुरे घेतले. नाशिकला आपण मुरमुऱ्यांना फोडणी देतो, इथं नुसतेच, गुळाच्या खड्याबरोबर खातात. तेही फार छान लागतात.

इथं माझ्या हातून एक गाढवपणा झाला. स्टेशनाजवळची पाण्याची जुनी दगडी टाकी पावलांनी मोजून तिचं चित्र काढताना मी इतका रमलो की पॅसेंजर माझ्या डोळ्यांदेखत निघून गेली. आई सामानापाशी शांत उभी होती. "टाकी कुठे पळून जात होती का?" एवढंच म्हणाली. पुढची गाडी दुपारनंतर. मग भाताची पोती टाकून परत चाललेली एक रिकामी बैलगाडी गाठली.

गाडीवान बोलका होता. "कुठं निगालात, माय?"

"लेकीकडे," आई म्हणाली.

"न्यायला चाल्ली का म्हायेरी?"

"नाही हो. भेटून येणार."

"बरं हाय. लेकीकडं लय दिस ऱ्हाऊ बी नये आन् लय दिस न जाऊन बी ऱ्हाऊ नये," तो म्हणाला, आणि बैलांना हाक दिली. आईनं मुरमुऱ्यांची पुडी त्याच्यापुढे धरली.

मधलं स्टेशन

स्टेशन छोटंसंच. एक खोली, एक घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, चार कण्हेरी. आई फलाटावर उभी राहून म्हणाली, "अरे, इमारत अशी नव्हती."

"रंग बदलला असेल, आई. चौतीस-पस्तीस वर्षं झाली."

"दार या बाजूला नव्हतं."

"तू बाळंतीण होतीस. तुला काय आठवणार?"

हे वाक्य मी उच्चारलं, याची मला आजही लाज वाटते. नाशिकच्या बाजूला तोंड करून मी मोठ्यानं खांब मोजत निघालो. आई मागून रुळांच्या कडेनं येत होती. बारावा खांब आला. डाव्या हाताला पळस नव्हता. डाव्या हाताला एक मोठा खड्डा होता. भरावासाठी मुरूम खणून नेलेला, ताजा, कुदळीच्या खुणा तशाच असलेला.

आई खड्ड्याच्या काठाशी जाऊन उभी राहिली. मग खाली बसली. मी तेराव्या खांबापर्यंत पळत गेलो, परत अकराव्यापर्यंत आलो, उजवीकडे उतरून पाहिलं. पळस कुठेच नव्हता. आई रडत नव्हती. खड्ड्यातल्या मातीकडे पाहत ती म्हणाली, "मी उशीर केला."

तेवढ्यात हातात गुंडाळलेलं निशाण घेऊन एक म्हातारा मुकादम आमच्या दिशेनं भराभर चालत आला.

"ओ पाव्हनं, रुळात काय हुडकताय? गाडी येतीया. त्या माउलीला आदी बाजूला घ्या."

गाडी धडधडत निघून गेली. मग मी त्याला सांगितलं, आम्हाला स्टेशनापासून बाराव्या खांबाजवळचा पळस हवा आहे, जुनं काम आहे.

"कंच्या ठेसनापासून?"

"याच. आणि कुठलं?"

"ह्ये तर नवं ठेसन. हिकडं सरकवल्याला लय साल झाली. जुनं अजून फुडं हाय, त्या वळनावर. खांब तितून मोजाया पायजेत."

माझ्या खिशातल्या वहीत, माझ्याच अक्षरात, दोन रेघा ओढून हे लिहिलेलं होतं. मी खाली मान घातली. आई मात्र माझा हात धरून उठली आणि मुकादमाच्या आधी चालायला लागली.

मुकादमाचं नाव तुळशीराम. जुनं स्टेशन म्हणजे काळ्या दगडाची, कौलांची बुटकी इमारत. आत फावडी, घमेली, दिव्यांचे सांगाडे. आईनं दाराच्या चौकटीवर हात ठेवला. "हीच खोली. त्या कोपऱ्यात न्हाणी होती. खिडकीतून इंजिनाची ठिणगी येऊन माझं लुगडं जळलं होतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दार या बाजूला." ती मला हसत होती. मला इतकं बरं वाटलं.

तिथून तुळशीरामनं खांब मोजलेच नाहीत. "खांब बी बदलल्यात समदे. पळस मला ठावं हाय," असं म्हणून तो सरळ चालत गेला. डाव्या हाताला, भरावाच्या खाली, एक जाडजूड जुना पळस होता. आणि त्याच्या बुंध्याशी गुडघाभर उंचीचा एक पांढराशुभ्र दगड.

रुळांच्या कडेचे सगळे दगड, मैलांचे, हद्दीचे, साहेबाची तपासणी यायच्या आत चुन्यानं रंगवतात, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दगडांवर आकडे असतात. यावर काहीच नव्हतं.

"हा कसला दगड?" मी विचारलं.

"त्ये आमाला बी ठावं न्हाय," तुळशीराम म्हणाला. "मुकादमाचा चार्ज देताना समदं त्वांडी सांगत्यात. माज्या आदुगरच्या मुकादमानं मला सांगितलं, पळसाखाली धोंडा हाय, त्याला चुना लावायचा चुकवू नको. त्याला त्याच्या आदल्यानं सांगितलं व्हतं. कुन्या जुन्या मास्तरचा हुकूम हाय म्हनं. येकदा साह्यबानं इचारलं, ह्याला नंबर का न्हाय? म्या म्हनलं, साह्यब, जुना धोंडा हाय. बरं म्हनला आन् गेला."

आई दगडापाशी बसली. तिनं बोटांनी त्याची कड चाचपली. चुन्याच्या थराखाली ती कड सरळ होती, छिन्नीनं घडवलेली.

"हा फलाटाचा दगड आहे," ती म्हणाली. "बघ. त्यांनी आणला."

जन्मभर कंपनीच्या टाचणीला हात न लावणाऱ्या माणसानं एक दगड उचलला होता. त्याचा ठपका स्वतःवर घेतला होता. आणि जागा सोडून जाताना फावड्या-निशाणांबरोबर आपली मुलगीही मुकादमाच्या चार्जात देऊन गेला होता. मला वडील कोरडे वाटायचे. ते गेले तेव्हा मी जेवढा रडलो नव्हतो, तेवढा त्या पळसाखाली रडलो. आईनं मला रडू दिलं. ती दगडावरून हात फिरवत होती आणि पुटपुटत होती, "इथं होतीस होय तू. इथं होतीस होय."

तुळशीराम बावचळून उभा होता. आईनंच त्याला सांगितलं, कोण आहे ते. त्यानं हळूच पटका काढून हातात घेतला.

"माय, म्या कितींदा ह्या धोंड्यावं बसून भाकर खाल्ली असंल," तो म्हणाला. "मला काय म्हाईत."

"बरं केलंत," आई म्हणाली. "तिला सोबत झाली."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "माजी नोकरी भरली आता. उद्या सकाळी नवा मुकादम चार्ज घ्याया येनार हाय. निसता धोंडा म्हनून कसा देऊ? तुमी आजचा दिस ऱ्हावा. तुमच्या म्होरं देतो. पोरीचं नाव काय?"

बारसं झालेलंच नव्हतं. मी आईकडे पाहिलं. ती जराशी संकोचली.

"ठकू," ती म्हणाली. "मी मनात ठकू म्हणत होते."

दुसरा दिवस

स्टेशनमास्तरांनी रात्रीपुरती आम्हाला एक खोली उघडून दिली. सकाळी ऊन वर आल्यावर आम्ही जुन्या स्टेशनापाशी गेलो. नवा मुकादम घोटीचा रहिमान, चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. तुळशीराम एकेक वस्तू दाखवून नाव घ्यायचा आणि रहिमान हात लावून ते परत म्हणायचा. फावडी बारा. घमेली आठ. लाल निशाण एक. हातदिवे दोन. त्यात कुठे घाई नव्हती. दोघे पुढे आणि आम्ही मागे, असे रुळांच्या कडेनं चालत पळसापर्यंत आलो.

"आन् ही ठकू," तुळशीराम म्हणाला. "जुन्या मास्तरांची पोरगी. ही तिची आय, ह्यो भाऊ. हिला चुना लावायचा चुकवायचं न्हाय. फुडल्याला बी असंच सांगायचं."

रहिमाननं दगडाकडे पाहिलं, मग आईकडे. बाकी वस्तूंना लावला तसा हात त्यानं लगेच लावला नाही. आधी तो धोतराला पुसला आणि मग दगडावर ठेवला.

"ठकू," तो म्हणाला. मग आईला विचारलं, "केवढी व्हती, अम्मा?"

"नऊ दिवसांची."

हात अजून दगडावरच होता.

"मंग चुना पातळ कालवीत जाईन," तो म्हणाला. "दाट चुना अंगाला झोंबतो."